हळदीचा गाजावाजा, मिरचीचं काम

करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी ओळखलं जातं. हळदीत चुन्यासारखा क्षार पडला की पिवळी भुकटी लालभडक होते; तेच कुंकू. रंग पालटणारा तिच्यातला घटक म्हणजे करक्युमिन. आज हे नाव औषधांच्या दुकानातल्या डब्यांवरही झळकतं.

मधुमेह जुना झाला की अनेकांच्या तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरुणाचा स्पर्श सोसवत नाही. नागीण बरी झाल्यावरही काहींच्या बरगडीत महिनोन्महिने चमका निघतात. हे दुखणं बिघडलेल्या मज्जातंतूंचं; नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना ते फारसं दाद देत नाही. मग कुणीतरी हळदीचं दूध सुचवतं.

उंदरांवरच्या प्रयोगांत करक्युमिनने अशा वेदना कमी झालेल्या दिसल्या. माणसांतला पुरावा मात्र तोकडा आहे. हळदीत करक्युमिन असतं तीनेक टक्के, आणि पोटात गेलेलं रक्तात फारसं उतरत नाही. जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये भारताने रद्द करून घेतलं, त्याचा अभिमान रास्तच. पण अभिमानाने तळपायाची आग शमत नाही.

इथे बाजी मारली ती लाल मिरचीने. तिच्यातलं कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या टोकांवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतं. ही ग्राही डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधली. २०२१ च्या नोबेलचे ते एक मानकरी. जास्त मात्रेत कॅप्सेसिन लावलं, की आधी झोंबतं आणि मग ती टोकंच काही काळ निकामी होतात. ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी अमेरिकेत नागिणीनंतरच्या वेदनांसाठी २००९ मध्ये, तर मधुमेहींच्या पायांसाठी २०२० मध्ये मंजूर झाली. पायावर ती अर्धा तास ठेवतात, तीही वैद्यकीय देखरेखीखाली, आणि पुन्हा लावायची तर तीन महिन्यांनीच. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, बिघडलेली नसही त्याने दुरुस्त होत नाही.

म्हणून घरची मिरचीपूड तेलात कालवून पायाला चोळू नका. बधिर पायाला भाजलेलंही कळत नाही. भाजीत हळद खुशाल घाला, पण तिच्या गोळ्या रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, विशेषतः रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर. साखर ताब्यात ठेवा आणि रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात नीट पाहा.