मिठाच्या पाण्यातील बटाटा
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-संमेलनात केलेले भाषण)



विज्ञानाच्या तासाला साहित्य नाही, ही तक्रार प्रत्येक शाळाभेटीत कानी येते. तिच्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तथापि आज जो प्रयोग आपणांपुढे मांडावयाचा आहे, त्यास एक पेला, पाणी, मूठभर मीठ व एक लहानसा बटाटा एवढेच लागते. पुष्कळ पुस्तकांत बटाट्याऐवजी अंडे सांगितलेले असते. परंतु कित्येक घरी अंडे चालत नाही, आणि ते फुटले म्हणजे मुलास बोलणी खावी लागतात ती निराळीच. म्हणून बटाटाच बरा.

प्रयोग आपणां सर्वांस ठाऊक आहे. साध्या पाण्यात बटाटा बुडतो. त्यात मीठ विरघळवीत गेले असता तो वर येतो. पाव लिटर पाण्यास साधारणतः ३५ ते ४० ग्रॅम मीठ पुरते. इतके दाखवून बहुतेक ठिकाणी पाठ संपतो. माझ्या मते खरा पाठ येथून सुरू व्हावयास हवा.

एका शाळेत चौथीच्या वर्गात हा प्रयोग झाल्यावर मी मुलांस विचारले, "बटाटा वर का आला?" एका मुलीने तत्काळ सांगितले, "मिठाने तो हलका झाला, साहेब." वर्गातील बहुतेक माना होकारार्थी हलल्या. फळ्यावर मात्र 'मिठामुळे पाण्याची घनता वाढते' हे वाक्य सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते व ते सर्वांच्या वह्यांतही उतरले होते! मुलीचे उत्तर चुकीचे खरे, पण ते तिने स्वतः विचार करून दिले होते. ते खोडावयाचे तर तराजूनेच खोडले पाहिजे.

तराजू विकत आणण्याचे कारण नाही. एक सरळ काठी, सुतळी व दोन सारख्या करवंट्या पुरेत. एका करवंटीत बटाटा ठेवून दुसरीत खडे घालून समतोल साधावा. मग तोच बटाटा मिठाच्या पाण्यात तरंगवून, बाहेर काढून, पुसून पुन्हा तोलावा. खडे तेवढेच लागतात. (बटाटा अखंड व सालीसकट घ्यावा. फोडी घेतल्यास मिठामुळे त्यांतील पाणी बाहेर पडून त्यांचे वजन घटते आणि त्या मुलीचेच म्हणणे खरे ठरल्यासारखे होते.) बटाटा जर बदलला नाही, तर बदलले काय? आता दोन सारख्या लहान बाटल्या, एक साध्या व एक मिठाच्या पाण्याने, काठोकाठ भरून तोलाव्या. मिठाच्या पाण्याचे पारडे खाली जाते. "पाणीच जड झाले!" हे मुलांच्या तोंडून येईपर्यंत आपण गप्प राहावे. 'घनता' हा शब्द त्यानंतर द्यावा.

वरच्या वर्गांत आर्किमिडीजचा नियम सांगता येईल. वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते, त्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला वर लोटतो. बटाट्याने व्यापलेली जागा तीच असते. पण तेथून सारलेले पाणी आता अधिक वजनाचे असते.

मुलांस आधी अंदाज करावयास लावावे. "समुद्राच्या पाण्यात बटाटा तरंगेल काय?" असे विचारा. समुद्र खारट, तेव्हा तरंगेल, असेच बहुतेक म्हणतील. पण तो बुडतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपण तेवढे मीठ पाव लिटरातच घातले होते. यात चौथीचे गणितही आपोआप होते.

हा प्रयोग शेतकऱ्याच्या घरी मोठ्या प्रमाणावर होत असतो, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. भाताच्या पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकतात. पोचट व रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकतात. तळाशी बसलेले दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवितात. बाजरीतील अरगट रोगाचे दाणे निराळे करण्यासाठी तेवढ्याच पाण्यास २ किलो मीठ लागते. एकास एवढे थोडे व दुसऱ्यास एवढे अधिक मीठ का, हा प्रश्न सातवीच्या मुलांपुढे अवश्य ठेवावा.

येत्या हंगामात प्रत्येक शाळेने घरच्यांच्या अनुमतीने १०० दाणे आणून ते असे निवडावेत. तरंगलेले व बुडालेले दाणे धुऊन दोन निरनिराळ्या करवंट्यांत मातीत पेरावेत. कोणत्या करवंटीत किती उगवले, हे मुलांनी स्वतः मोजून लिहावे, आणि ती नोंदवही पुढील संमेलनास येताना आपण सोबत आणावी.