विचारणारी म्हातारी आणि आपला मोबाईल

मी जोह्याहून बोलतेय, पेण तालुक्यातून. बचत गटांचं समन्वयाचं काम करते, त्यामुळे माझ्या तोंडून तुम्हाला हप्ता, व्याज, पासबुक असलंच ऐकायची सवय झालीय. आज त्यातलं काही नाही. आज देवाबद्दल, गाण्याबद्दल आणि मोबाईलबद्दल बोलायचं आहे. तिन्ही एकदमच, कारण आता आपल्या हातात ती तिन्ही एकदमच असतात.

आमच्या जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. बारा महिने काम चालतं. बायका मूर्ती घासतात, अस्तर देतात, पितांबर रंगवतात, दागिन्यांना सोनेरी लावतात. डोळ्यांची आखणी तेवढी मुरलेल्या हाताची. आणि दिवसभर कुठेतरी एक मोबाईल स्टीलच्या डब्यात उभा करून ठेवलेला असतो, म्हणजे आवाज घुमतो. सकाळी अभंग, दुपारी जेवण झालं की कोळीगीतं, चारच्या चहाला कुणाची तरी रील. हात देवाच्या अंगावर आणि कान गाण्यात. कुणी मला म्हणालं की बायकांना देवाधर्मासाठी वेळ मिळत नाही, तर मी त्यांना एकदा कारखान्यात घेऊन जाईन.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला तिथे एक गोष्ट झाली. किशोरी आमोणकरांच्या आवाजातला रंगाचा अभंग लागला होता. तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. रंगकाम करणाऱ्या बायकांना तो आवडणारच. आमच्या गटातली एक ताई, सातवीपर्यंत शिकलेली, ब्रश धुता धुता म्हणाली, “हे लिवलं कोनी?” एक म्हणाली तुकारामांनी. दुसरी म्हणाली नामदेवांनी. तिसऱ्या मुलीनं मोबाईलमध्ये शोधलं आणि म्हणाली, सोयराबाईंनी. चोखोबांच्या बायकोनं.

मग ताईनं विचारलं, “तिला देवलात जाऊ देत व्हते का?” नव्हते. चोखोबांनाही नव्हते. चोखोबा गावकुसाच्या कामावर मंगळवेढ्याला गेले, तिथे भिंत कोसळली आणि ते त्याखाली गेले, १३३८ साली. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. हे सगळं त्या मुलीनं वाचून दाखवलं. ताई जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मंग हा रंग तिनं बघितला कुठून?”

सयांनो, मी बी.ए. झालेय. मराठीच्या पेपरात संत चोखामेळा यांच्यावर टीप लिहिलेली आहे. हा प्रश्न कुठल्या पेपरात आला नव्हता.

त्यानंतर महिनाभर ती ताई मोबाईलवर हेच ऐकत होती. जनाबाई, कान्होपात्रा, मग तुकारामांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाई. एक ऐकलं की यूट्यूब खाली दुसरं दाखवतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. बहिणाबाईंनी स्वतःच्या संसाराची हकिकत अभंगांतून सांगितलीय, नवऱ्यानं मारहाण केली तेही लपवलेलं नाही. साडेतीनशे वर्षं झाली त्याला. ताई मला विचारत होती, असं सगळं सांगितलं तर देव रागावत नाही का? मी म्हटलं, रागावला असता तर अभंग राहिले असते का?

घरी मात्र तिच्या इअरफोनवरून कुरबूर झाली. एकटीच ऐकते, एकटीच डोळे पुसते, नक्की काय चाललंय. मोबाईल घरात एकच, तोही नवऱ्याच्या नावावरचा. काय काय बघितलं ते सगळं त्यात दिसतं. नवऱ्यानं एके रात्री सगळी यादी उघडून पाहिली, तर अभंगच अभंग. आता ते तिला चिडवतात, पण मोबाईल देतात.

मी हे एवढं लांबवून का सांगतेय? कारण आपल्याला वाटतं भक्ती म्हणजे मान खाली घालून ऐकून घेणं. आपल्या भाषेतली पहिली कवयित्री जिला मानतात ती महदाईसा, तिला महदंबाही म्हणतात, तेराव्या शतकातली. महानुभाव पंथातली, चक्रधरस्वामींची शिष्या. ही बाई स्वामींना सारखं विचारायची. हे असं का, ते तसं का. तिच्या या विचारत राहण्याचं स्वामींना कौतुक होतं, असं लीळाचरित्रात आलंय. गप्प बस म्हणाले नाहीत. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला ती गोविंदप्रभूंच्या सेवेत होती. तिथे लग्नाचा सोहळा मांडला गेला तेव्हा तिनं श्रीकृष्ण आणि रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचून म्हटली. त्या गाण्यांना काय म्हणतात माहीत आहे? धवळे.

आता आगरी घरातल्या बायकांचे कान उभे राहिले असतील. आपल्या बोलीत ळ चा ल होतो. पुस्तकातला धवळा तो आपला धवला. आणि तो गाणारी आपली धवलारीण.

तुमच्यापैकी ज्या चाळिशीच्या पुढच्या आहेत त्यांच्या लग्नात धवलारीण नक्की असेल. मांडव घातला की तिचा धवला, हळद दळायला घेतली की धवला, नवरीच्या अंगाला हळद लागली की धवला. देवांना लग्नाला बोलावणं तिच्याच तोंडून जायचं. तिला मान होता, साडी होती. लिहायला-वाचायला न येणारी बाई गाण्यातून विधी पार पाडायची, आणि घरातले पुरुष तिचं संपेपर्यंत थांबायचे. पुरोहितपण बाईला चालतं का, यावर शहरात चर्चा होतात तेव्हा मला आमच्या धवलारणी आठवतात. त्यांनी चर्चा केलीच नाही, गायल्या.

आता काय झालंय तेही बघा. हळदीला डीजे लागतो संध्याकाळी सातला. धवलारीण आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली. तिनं सुरुवात केली की दोन मिनिटांत कुणीतरी ओरडतं, आजी आवरा, गाणं लावायचंय. गाणं लावायचंय! मग ती काय करत होती?

डीजेवर माझा राग नाही. आपली कोळीगीतं-आगरी गाणी त्यावर वाजतात, पोरीबाळी नाचतात, मीही नाचते. नाचावं. पण हळद लावून झाल्यावर नाचता येतं.

आमच्या भागात पूर्ण धवला येणाऱ्या म्हाताऱ्या आता बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातल्या एका आजीकडे आमच्या गटातल्या तिघी मोबाईल घेऊन गेल्या, म्हणाल्या, आजी म्हणा, आम्ही रेकॉर्ड करतो. आजी म्हणाली, “मांडव नाय, नवरी नाय, गाऊ कोनासाठी?” पोरींनी खूप मनधरणी केली. आजी हलली नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. धवल्यात देवांना बोलावतात. देव आले आणि इथे लग्नच नसलं, तर त्यांना सांगायचं काय?

पोरी हसत परत आल्या. मला हसू आलं नाही. मी दोन दिवस तेच डोक्यात घेऊन फिरत होते. आपण मोबाईलवर आरती लावून भांडी घासतो, मंत्र लावून झोपतो, तेव्हा आपण कुणाला बोलावतोय याचा विचार कुठे करतो? आजी तो करत होती.

शेवटी पुतणीच्या लग्नात ती गायली आणि तेव्हा रेकॉर्ड करू दिलं. अट घातली: ऐकायला ठेवा, शिकायला ठेवा, पण त्या नाचऱ्या व्हिडिओत टाकू नका. तरी एका मुलीनं अर्ध्या मिनिटाचा तुकडा मागे संगीत जोडून टाकलाच. भरपूर लाईक आले. ती धावत आजीला दाखवायला गेली, एवढ्या लोकांनी ऐकलं म्हणून. आजीनं विचारलं, “यातल्या कितीजनांचं लगीन हाय?” मुलीनं व्हिडिओ काढून टाकला. आमच्यात यावर अजून एकमत नाही बरं का. काहीजणी म्हणतात, टाकलं नाही तर पुढच्या पोरींना कळणार कसं? त्यांचंही खोटं नाही.

कारण न टाकता, न लिहिता राहिलेलं किती गेलं असेल. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, आणि एका नातलगानं उतरवून ठेवली म्हणून राहिली. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. त्यांच्या शेजारच्या घरात जात्यावर बसणारी बाई काय गात होती, ते कुणालाच माहीत नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी हे ओळखलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या! गाणाऱ्या बायका तीन हजारांच्या वर, त्यांची नावं-गावं लिहून ठेवलेली. त्यात विठ्ठल आहे, सीतेचा वनवास आहे, तुळस आहे, भाऊ आहे, बाबासाहेब आहेत, आणि सासरचं दुखणं तर आहेच. आता ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ओव्या मराठीत वाचता येतात, अनेक ऐकता आणि बघताही येतात. मोबाईलमध्ये ‘पारी जात्यावरच्या ओव्या’ असं बोललात तरी सापडेल. आमच्या मासिक बैठकीत हिशेब झाला की आम्ही एक लावतो. पहिल्यांदा लावली तेव्हा मागे बसलेली एक सासू पुढची ओवी आपसूक म्हणायला लागली. शेजारी बसलेल्या तिच्या सुनेला वीस वर्षांत पत्ता नव्हता की हिला ओव्या येतात.

आणि एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात तुम्ही ऐकल्याच असतील. मोबाईलवरच्या व्हिडिओंनी त्यांचा आवाज गावोगाव नेला. तेव्हा यंत्राला मी नावं ठेवत नाही.

नावं ठेवते ती आपल्या बोटाला. सकाळी उठलं की ग्रुपवर वीस देव येतात. अकराजणींना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल, नाही पाठवलं तर वाईट होईल. आपण घाबरून पाठवतो. ज्या देवाला आपण आपल्या हातानं रंगवतो, पाटावर बसवून मुंबईच्या गाडीत चढवतो, तो एक मेसेज पुढे ढकलला नाही म्हणून आपल्या पोराबाळांच्या वाईटावर येईल? सोयराबाईनं देवळाचं दार बंद असताना त्याच्याशी बोलणं सोडलं नाही, आणि आपण बोटाच्या टोकानं त्याला टाळतो.

त्यातलंच पुढचं पाऊल म्हणजे पूजा करून देतो, स्कॅनरवर पाचशे एक टाका. आमच्या ओळखीतल्या एकीनं असे तीनदा टाकले. व्हिडिओतला महाराज खरा होता, स्कॅनर दुसऱ्याच कुणाचा. असं कुणाचं झालं तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आता जरा कामाचं. तुमच्या घरात, गल्लीत जी म्हातारी धवला, ओव्या, गौरीची गाणी, भूपाळी म्हणते, तिच्याकडे जा. आधी विचारा. रेकॉर्ड करू का, कुणाला ऐकवू का, इंटरनेटवर टाकू का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिची तीन वेगवेगळी उत्तरं असू शकतात. मोबाईल फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर नेमका मध्येच कुणाचा तरी फोन येतो. पंखा बंद करा. सुरुवातीला तिचं नाव, गाव, गाणं कुठल्या वेळचं, कुणाकडून शिकली, हे तिच्याच आवाजात घ्या. दोन ठिकाणी साठवा. आमचं एक मेमरी कार्ड गटाच्या लोखंडी पेटीत, पासबुकांच्या शेजारी आहे. आणि गाणं झाल्यावर लगेच उठू नका. तिला विचारा, याचा अर्थ काय, हे म्हणताना तुला काय वाटतं. एका आजीनं यावर सांगितलं, की मला हे आजवर कुणी विचारलंच नाही, आणि मग दोन तास बोलली. तिच्या गेलेल्या मुलाबद्दल. ते आम्ही रेकॉर्ड केलं नाही.

आमच्या कारखान्यातल्या त्या ताईच्या मुलीचं लग्न यंदा मार्गशीर्षात आहे. ताईनं आत्ताच सांगून ठेवलंय की हळदीला आधी धवलारीण आजी, तिचं सगळं होईपर्यंत डीजेची वायरसुद्धा लावायची नाही. नवरीला मान्य आहे. नवरी स्वतः आजीकडे दर रविवारी शिकायला जाते, चार धवले तिला आता येतात. मुलाकडच्यांनी विचारलंय की किती वेळ लागेल. आजी म्हणाली, देव किती लांबून येतात त्यावर आहे. बोलणी अजून चालू आहेत.