खोडलेली ओळ

माझी भाची मुंबईत वकिली करते. बौद्धिक संपदा हा तिचा विषय. अलीकडे त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. कायद्याशी माझा संबंध घराच्या भाडेकरारापुरता. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या पहिल्या संग्रहाच्या प्रकाशकांचे पत्र आले. दुसरी आवृत्ती काढतो, सोबतच्या करारावर सही करा. इतक्या वर्षांनी कुणी आठवण काढली, या आनंदात मी पेन उघडलेसुद्धा. मग सहज म्हणून करार भाचीला दाखवला.

तिने एका ओळीखाली नखाने रेघ ओढली. आजच्या व पुढे येणाऱ्या सर्व तंत्रज्ञानासाठी मी हक्क देऊन टाकत होतो.

‘‘मामू, म्हणजे तुमच्या कविता यंत्राला शिकवायला दिल्यात. तेही फुकट.’’

मग तिने समजावले. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याचे हक्क दिले असे धरत नाहीत. ‘‘पण हे यंत्र आज हजर आहे. आज सही केलीत की तो बचाव संपला.’’

मी विचारले, उद्या यंत्राने माझ्यासारखी कविता केली तर?

‘‘तुमचे शब्द उचलले तर दावा लावता येईल. नुसती धाटणी उचलली तर कठीण.’’ कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच एका नाटक-सिनेमाच्या खटल्यात सांगितले आहे.

हे मला लागले. आमच्या अम्मीच्या तोंडी मराठी आणि उर्दू एकाच चुलीवर शिजायच्या. तिची ती बोली कवितेत आणताना मी संपादकांची बोलणी खाल्ली, ‘हे शुद्ध करून पाठवा’ असे शेरे वाचले. एवढे करून हाती लागली ती धाटणीच. आणि नेमकी तीच उघड्यावर!

गायकांचे बरे आहे. यंत्राने आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंगना आणि २०२५ मध्ये आशा भोसलेंना अंतरिम दिलासा दिला. लिहिणाऱ्याला असा गळा नसतो. परवानगीविना मजकूर वापरून यंत्र शिकवावे का, हा वाद एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नेला. ‘‘निकाल काय लागेल?’’ या माझ्या प्रश्नावर भाचीने चहा संपवला, एवढेच.

मी ती ओळ खोडली, बाजूला सही केली आणि करार परत धाडला. प्रकाशकांचा फोन आला : ‘‘मग आवृत्तीचं पुढे बघू.’’ दिवाळी होऊन गेली, पुढे काही नाही. पहिल्या आवृत्तीच्या माझ्याकडे तीन प्रती होत्या. एक भाचीने फी म्हणून नेली.