अर्धवट राहिलेली पदवी



वैद्यकीय पदवीला तीस वर्षे उलटल्यावर आम्ही सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासासाठी पुन्हा वर्गात बसलो. पाठांतर पूर्वीसारखे होत नाही. परंतु इतकी वर्षे रुग्ण पाहिल्यामुळे आकड्यांमागचा अर्थ लवकर उमगतो.

आमची पदवी निदान हाती होती. विवाह व स्थलांतर यांमुळे आपल्या कित्येक भगिनींची पदवी अर्ध्यावर राहिली. मुले विद्यापीठात गेली, आईची गुणपत्रिका मात्र पेटीतच. ‘आता या वयात कशाला?’ असे प्रथम विचारतो तो बहुधा घरातील पुरुषच!

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अपुरे सोडून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य लाभले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. त्या काळात मुंबईतील संसाराचा भार रमाईंनी वाहिला.

येथील ओपन युनिव्हर्सिटीत १९७१ पासून शिकवणी सुरू आहे. तेथील बहुतेक पदवी-अभ्यासक्रमांना पूर्वशिक्षणाची अट नाही. अर्ज भरण्यास साहाय्य हवे असणाऱ्या भगिनींनी भोजनोत्तर आम्हांस भेटावे. यजमानांनाही सोबत आणावे. संध्याकाळचा स्वयंपाक कोणी करावयाचा, हे तेथेच ठरवू.