मेळघाटाकडे बोट दाखवण्याआधी

मागच्या रांगेतून कधीच्या शिट्ट्या मारणाऱ्या पोट्टेहो,

तुमचे डान्स उरलेत, म्हणून लवकर आटोपतो.

मघाशी या मंचावर ‘आदिवासी नृत्य’ झालं. तोंडाला काळा रंग, कमरेला पानं, हातात भाले. टाळ्या मीही वाजवल्या. पण मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याची जी मुलं इथे होस्टेलला राहून शिकतात, त्यांच्या गावात असं कोणी नाचत नाही. तिथल्या कोरकू आदिवासी बाया लुगडं नेसून गदली-सुसुन नाचतात, सोबतीला ढोल आणि बासरी. आपल्याच अमरावती जिल्ह्यातली माणसं, अन् आपण ती सिनेमातून उचलली!

न पाहताच निवाडा करायची खोड अशी लागते. कोरकूंच्या लग्नात मुलाकडचे मुलीच्या बापाला रक्कम देतात. ज्याला ती झेपत नाही, तो सासऱ्याच्या घरी राबून फेडतो. हे ऐकलं की आपण म्हणतो, “पोरगी विकतात!” इकडे अकोल्या-अमरावतीत नोकरीवाल्या पोराचा भाव पोह्यांच्या बशीवर ठरतो आणि बाप वावर विकून तो चुकवतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण आपल्याकडे तो ‘मानपान’ असतो.

परक्या चालीरीती त्या समाजाच्या आत शिरून समजून घ्याव्यात, असं सांस्कृतिक सापेक्षतावाद सांगतो. इथवर मी त्याच्यासोबत आहे. पण म्हणून कुणी कुणाला चूक म्हणूच नये, हे मला पटत नाही. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रांना बजावलं होतं, की हक्कांच्या नावाखाली पाश्चात्त्यांची मूल्यं जगावर लादू नका. इशारा रास्त होता. पण १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ ऐवजी ‘सर्व माणसं’ हे शब्द यावेत म्हणून अडून बसल्या त्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता. त्या कुठे पाश्चात्त्य होत्या?

आता मेळघाटातल्या डंब्याचं बघा. तान्ह्या लेकराचं पोट फुगलं, की विळा चुलीत लाल करून पोटावर चटके देतात. ती आई काही निर्दय नसते. दवाखाना घाटापलीकडे, गावचा वैदू भूमका दाराशी, आणि आजीनंही हेच केलेलं. हे सगळं समजून घेतलं, तरी डंबा चूकच. चटका कुणाला बसतो आणि त्याला ‘नको’ म्हणता येतं का, एवढंच मी विचारतो. हुंड्यालाही हाच प्रश्न विचारून बघा.

गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला दारू-मटण बंद करून गोडाचं जेवण घातलं, तेव्हा बोलणी खाल्ली ती स्वतःच्या भाऊबंदांची. पंजाबराव देशमुखांनी १९२७ मध्ये सत्याग्रह केला तो याच अमरावती शहरातल्या अंबादेवीच्या दारात, अस्पृश्यांना आत जाता यावं म्हणून. दोघांनीही सुरुवात घरापासून केली. आणि मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे नुसते औषध देऊन थांबले नाहीत, तिथेच राहून शेतीही करून दाखवली. २०१९ ची पद्मश्री त्यांना मिळाली. अशा माणसांनी ‘डंबा नको’ म्हटलं, तर लोक ऐकून घेतात.

तेव्हा मेळघाटातला कुणी वर्गमित्र असेल, तर या सुट्टीत त्याच्या गावी मुक्कामाला जा. आणि ज्यांच्या घरी यंदा लग्न ठरतंय, त्यांनी देण्याघेण्याचं बोलणं निघालं की गप्प बसू नका.