चुलीची विश्रांती कोणाच्या खर्चाने?

(जरीपटका, नागपूर येथील एका घरगुती सभेत केलेले भाषण)



जरीपटका हे मराठ्यांच्या फौजेच्या निशाणाचे नाव. त्या नावाच्या या वस्तीत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेली कुटुंबे येऊन स्थिरावली. पंजाब आणि बंगाल यांचे तुकडे झाले, तरी त्यांचा एकेक भाग भारतात राहिला. सिंध मात्र संपूर्णच पाकिस्तानात गेला. सिंधी भाषेला येथे स्वतःचे राज्य नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळण्यासही तिला १९६७ पर्यंत वाट पाहावी लागली. मग या समाजाचा प्रांत टिकला कोठे? माझ्या मते, तो आईच्या चुलीपाशी टिकला.

आमच्या मराठी घरांत कढी म्हटली की ताक आलेच. सिंधी कढीत ताकाचा थेंबही नसतो. बेसन तेलात खमंग भाजायचे, पाणी घालून उकळायचे, चिंचेच्या कोळाने आंबट करायचे आणि त्यात शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटा सोडायचा. बेसन किती भाजले म्हणजे पुरे, हे मोजून सांगता येत नाही. ते वासावरून कळते, आणि तो वास आईशेजारी उभे राहूनच ओळखायला शिकावा लागतो. पालक, चुका, शेपू आणि हरभऱ्याची डाळ घोटून केलेल्या साईभाजीचेही तसेच. नातवाला सिंधी लिपी वाचता येत नसेल. साईभाजीत चुका कमी पडला, हे मात्र त्याला पहिल्या घासालाच कळते.

आईच्या या प्रभावाचे गोडवे आपण सारेच गातो. माझी तक्रार त्या गोडव्यांविषयीच आहे.

आपल्या थदडीचा सण घ्या. श्रावण वद्य सप्तमीला शीतलादेवीच्या मानाने चूल पेटवायची नाही आणि आदल्या दिवशी केलेले गोड लोले, कोकी थंडच खायची, अशी ही रीत. चुलीला विश्रांती मिळते, हे खरे. पण कोणाच्या खर्चाने? आदल्या दिवशी आई दुप्पट राबते, म्हणून दुसऱ्या दिवशी चूल विसावते. विश्रांतीची किंमतसुद्धा तिनेच आगाऊ भरायची, असा हा हिशेब आहे.

तो एका सणापुरता किंवा एका समाजापुरता नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाची ९७. आणि हे ९७ मिनिटांचे पुरुष तरी किती? चारांत जेमतेम एक. बाकीचे तीन घरकामाला हातच लावीत नाहीत.

सिंधी घरात पाहुण्यापुढे प्रथम पापड आणि पाणी येते. त्याच पापडाची एक गोष्ट मुंबईत घडली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’चे काम सुरू केले. पापड लाटण्याचे कसब आईकडूनच आलेले होते. पण घरात ज्याला कोणी काम म्हणत नव्हते, त्याला येथे मजुरी मिळाली आणि लाटणारी स्वतः धंद्याची भागीदार झाली. ज्या कामाला बाहेर मोल येते, ते घरात केवळ ‘माया’ कसे ठरते?

मी स्वतः या बाबतीत निर्दोष नाही. माझ्या आईच्या गोळाभाताची मी आयुष्यभर तारीफ केली. तिच्याशेजारी उभा मात्र एकदाही राहिलो नाही. ती गेली. डाळीच्या पिठात मोहन किती घालायचे, गोळे भातावर केव्हा ठेवायचे, हे आता मला सांगणारे कोणी नाही. तारीफ करून मी तिचे श्रम वाचविले नाहीत आणि तिची विद्याही राखली नाही.

ज्या विद्येने हरवलेला प्रांत सांभाळला, तिचे ओझे केवळ मुलींच्या खांद्यावर टाकू नका. त्या शिकतील, नोकरी करतील, आणि त्यांनी तसे करावेच. येत्या थदडीच्या आदल्या दिवशी घरातल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी कणीक मळावी, लोले लाटावेत, आईला विचारून शिकावे. त्यांचे लोले पहिल्या वर्षी वाकडे होतील. होऊ द्यात. त्या वर्षी चुलीबरोबर आईलाही विश्रांती मिळेल.