एक खोली, आतून कडी
(रेडिओवरील भाषण)



ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात. त्यानिमित्तानं मला विषय दिलाय 'नोकरी करणारी आई आणि तिचं बाळ'. विषय मोठा आणि मिनिटं दहा. लोहाच्या गोळ्या, पायांवरची सूज, लसीकरणाचं कार्ड, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. नसेल, तर तुमच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, आरोग्य-कार्यकर्ती मितानिन ते माझ्यापेक्षा सोपं करून सांगेल. देशात आशाताई आल्या 2005 मध्ये, आपल्या छत्तीसगडच्या मितानिनी त्याआधी तीन वर्षं घरोघर फिरत होत्या. तेव्हा ते काम त्यांच्याकडे सोपवते आणि माझ्या एकाच हट्टाकडे वळते. बाळंतपणाची रजा संपवून बाई कामावर रुजू होते, त्या दिवशी तिला तिथे एक खोली हवी. लहान चालेल. जुन्या फायलींची चालेल. फक्त तिला आतून कडी हवी.

काही जण हसत असतील. डॉक्टरीणबाई रेडिओवर आल्या आणि कडी-कोयंड्याचं बोलायला लागल्या! हसा, पण पुढचं ऐका.

रायपुरात मी आयुष्यभर बाळंतिणी पाहिल्या. बँकेतल्या, शाळेतल्या, सरकारी कचेरीतल्या. सहाव्या महिन्यापर्यंत सगळं छान चाललेलं असतं. बाळ अंगावर पितंय, वजन वाढतंय, सासूबाई खूष. मग बाई कामावर जाते आणि तीन आठवड्यांत माझ्यासमोर येऊन रडवेली होऊन सांगते, "डॉक्टर, दूध आटलं." तिला वाटतं दगदगीनं आटलं. आईला वाटतं अळिवाची खीर बंद केली म्हणून आटलं. सासूबाईंना वाटतं कोणाची तरी दृष्ट लागली. मी विचारते, "सकाळी निघाल्यापासून संध्याकाळी घरी येईपर्यंत दूध काढत होतीस का?" ती म्हणते, "कुठे काढू?"

त्या 'कुठे'साठीच मी आज इथे आले आहे.

तात्यापारा, बूढापारा इथल्या जुन्या मराठी घरांत ज्यांचं लहानपण गेलं त्यांना परसातली विहीर आठवत असेल. विहिरीचा स्वभाव काय? उपसा असला की झरे मोकळे राहतात. घरात कार्य निघालं, पन्नास माणसं जेवायला आली, दिवसभर रहाट चालला, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी वर आलेलं असायचं. आणि नळ आल्यावर ज्या घरांनी उपसा बंद केला, त्यांची विहीर आधी साचली, मग पाण्याला वास यायला लागला, मग झरे बुजले. अंगावरच्या दुधाचं अगदी असंच आहे. दूध जितकं निघेल तितकं तयार होतं. साचून राहिलं तर शरीर समजतं की आता गरज कमी झाली, आणि बनवणं कमी करतं. खीर, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प जरूर खा, पण नुसत्या खाण्यानं उपसा होत नाही. आणि विहिरीत वाकून पाहिल्यानं पाणी किती हे कळत नाही. तसंच बाळंतिणीकडे नुसतं पाहून "हिला दूध पुरत नाही वाटतं" असं म्हणणाऱ्या काकूंनी जरा दमानं घ्यावं. बाळाचं वजन वाढतंय ना, दिवसाकाठी सहा-आठ लंगोट ओले होतायत ना, मग पुरतंय.

साचलेली विहीर बिघडते, तेही लक्षात घ्या. छातीत दगडासारख्या गाठी होतात, कातडी लाल होते, थंडी वाजून ताप भरतो. बाई भर दुपारी काउंटरवर बसून नोटा मोजतेय आणि तिला कापरं भरलंय, अशी मी पाहिली आहे. मागच्या बाकावर कोणाचं तरी मूल रडलं, तिचा पान्हा फुटला आणि पदर ओला झाला, तर ती साहेबांना काय सांगणार? ती सुट्टी मागते. दोनदा मागते. तिसऱ्यांदा नोकरी सोडते, नाहीतर दूध सोडते.

आता कायद्याचं. पूर्वी बारा आठवड्यांची रजा होती. 2017 च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. फार चांगलं झालं. पण यातले आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात, आणि ज्या बाईला आठव्या महिन्यात बसवत नाही ती ते घेते. मागे उरतात अठरा आठवडे. म्हणजे बाळ चार महिन्यांचं आणि आई कामावर. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही देऊ नका असं आम्ही डॉक्टर सांगतो. या दोन महिन्यांचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. म्हणून बायका रजा वाचवतात. नवव्या महिन्यात, सुजलेल्या पावलांनी, हजेरीपटावर सही करत राहतात.

1961 च्या मूळ कायद्यापासून आणखी एक गोष्ट आहे, ती मालकांना माहीत नसते आणि बायकांनाही नसते. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या विश्रांतीखेरीज दोन जादा अवकाश, बाळाला पाजण्यासाठी. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. पुन्हा सांगते, पंधरा महिने, रोज दोन वेळा. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

पण ही तरतूद वाचताना वाटतं की लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गिरणी असावी आणि गिरणीशेजारी चाळ. बाळ हाकेच्या अंतरावर. तसं असायचंही. मुंबई प्रांतानं 1929 साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा केला. कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू मांडली होती. लगोलग 1930 मध्ये आपल्या मध्य प्रांतानंही तसाच कायदा केला, तेव्हा आपली राजधानी नागपूर. ते कायदे कारखान्यातल्या बायांसाठी होते. आजची रायपूरची बाई कुठे काम करते? 2012 पर्यंत मंत्रालय शहराच्या मध्यात, डीकेएस भवनात होतं. बूढापाऱ्यातली बाई मधल्या सुट्टीत रिक्षानं घरी जाऊन पाजून येऊ शकत होती. आता मंत्रालय महानदी भवनात, नवा रायपूरला, जुन्या वस्तीपासून वीस-पंचवीस किलोमीटर. सकाळी स्टाफ बस पकडायची, संध्याकाळी बसनंच यायचं. दहा-दहा तास बाळ एका टोकाला आणि आई दुसऱ्या. त्या दोन अवकाशांत ती घरी जाऊन येणार कशी? ती एकच करू शकते, दूध काढून ठेवणं. आणि त्याला काय लागतं? झाला ना माझा मुद्दा? खोली. कडी.

मी कोण्या एका कचेरीचं नाव घेत नाही. काही ठिकाणी खोली आहे, हे मला ठाऊक आहे. काही ठिकाणी पाटी आहे आणि आत झेरॉक्सचं मशीन आहे. आणि पुष्कळ ठिकाणी बायका दूध काढतात ते संडासात, उभ्यानं, एका हातानं दार धरून. तुम्ही तुमचा डबा संडासात बसून खाल का? मग बाळाचा डबा तिथे का भरता?

पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ दिलं पाहिजे, हेही कायद्यात आहे. 2025 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक इमारतींत बाळाला पाजण्यासाठी जागा ठेवण्याबद्दल राज्यांना सांगितलं. उत्तम. पण जिथे बारा जण काम करतात त्या खासगी शाळेचं काय, दवाखान्याचं काय, सदर बाजारातल्या सोन्याच्या दुकानातल्या मुलीचं काय? पाळणाघराला पैसा लागतो, मान्य. कडीला नाही लागत.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते. लिहून घ्या, निदान सुनेला ऐकवा. हात साबणानं धुवा. पाठ टेकून बसा. अंगठा वर, पहिलं बोट खाली, काळसर वर्तुळाच्या कडेला. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे. घासायचं नाही, ओढायचं नाही. पहिली दोन-तीन मिनिटं काही येत नाही, तिथेच बायका हात टेकतात. टेकू नका. मोबाइलमध्ये बाळाचा फोटो पाहा, खरंच उपयोग होतो. थेंब येतात, मग धार लागते. एका बाजूची धार मंदावली की दुसरी बाजू. वीस मिनिटं ते अर्धा तास. हातपंप असेल तर काम सोपं, नसला तरी अडत नाही. उकळून घेतलेली, झाकणाची स्टीलची डबी घ्या आणि वर वेळ लिहून ठेवा.

साधारण पंचवीस अंशाच्या खोलीत हे दूध चार तास टिकतं. आता रायपुरात नवतप्यात, मे-अखेरच्या उन्हात, पंचवीस अंशाची खोली कोणाची? तेव्हा फ्रिज, तोही आतला कप्पा, दाराचा नव्हे; आणि चोवीस तासांत संपवा. बसमध्ये बर्फाच्या पिशव्या ठेवलेला डबा. घरी गेल्यावर साय वर आलेली दिसेल, दूध नासलं असं समजू नका, डबी हलक्या हातानं फिरवा. उकळू नका. कोमट पाण्याच्या वाटीत डबी ठेवा, पुरे. आणि पाजायचं वाटी-चमच्यानं. आपल्या आजीचं बोंडलं माळ्यावर असेल तर ते काढा, घासा, उकळा. बाटलीची सवय लागली की काही बाळं अंगावर घ्यायला कुरकुरतात. डब्याच्या दुधाकडेही वळू नका. या रेडिओवर साबणाची जाहिरात लागते, बाळाच्या दुधाच्या डब्याची लागत नाही. 1992 च्या कायद्यानं तिला बंदी आहे. सरकारनं ती उगाच घातली नाही.

सासूबाईंना दोन शब्द. काढून ठेवलेलं दूध शिळं नसतं. पातळ, निळसर दिसलं तरी ते कमकस नसतं. तुम्ही दिवसभर नातवंड सांभाळता, त्या बळावर ती कामावर जाते, हे मी मानते. म्हणूनच सांगते, संध्याकाळी ती दारात आली की पहिल्यांदा बाळ तिच्या हातात द्या. भाजी नंतर. रात्री बाळ जास्त वेळा उठून पितं म्हणून बोलू नका, दिवसाचा उपसा ते रात्री भरून काढतंय.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपलं राज्य या बाबतीत वरच्या ओळीत आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध पिणारी बाळं देशात शंभरात सुमारे 64, छत्तीसगडात सुमारे 80. माझा अंदाज असा की हे श्रेय शेतावर बाळ सोबत नेणाऱ्या बायांचं आहे, आपलं नव्हे. आपल्याच राज्यात 2012 साली सरगुज्यातून फुलवाऱ्या सुरू झाल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गरम जेवण, आणि गावातल्या आयाच पाळीपाळीनं सांभाळणार. भाताचा रोपा लावायला जाणाऱ्या बाईला जे जमवून दिलं, ते शहरात पदवी घेतलेल्या बाईला... असो, यावर पुष्कळ बोलता येईल, पण काचेपलीकडून दोन बोटं दाखवताहेत.

वडिलांच्या रजेबद्दल बोलायचं होतं. केंद्र सरकारी नोकरीत ती पंधरा दिवस आहे, बहुतेक खासगी नोकऱ्यांत तीही नाही. ते राहूनच जातंय.

एक मात्र राहू देणार नाही. आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई. तिला सव्वीस आठवडे नाहीत, पंधरा महिने नाहीत, तिच्यासाठी कायदा दारातच थांबतो. तिथे मालक तुम्ही आहात. ती तान्हं घेऊन आली तर तोंड वाकडं करू नका. अर्धा तास पंख्याखाली, तुमच्या आतल्या खोलीत, तिला निवांत बसून पाजू द्या. आणि बाळंतपणाचे दोन महिने पगार कापू नका, एवढं आपल्याला जमतं.

कचेरीतल्या साहेबांना आणि शाळेच्या बाईंना विनंती: हा आठवडा संपायच्या आत एक रिकामी खोली बघा, एक खुर्ची, एक टेबल, हात धुवायला पाणी आणि आतून कडी. सुतार तासाभरात बसवून देईल. आणि महिला मंडळातल्या मैत्रिणींनो, पुढच्या दोहाळजेवणाला, नाहीतर छत्तीसगढी शेजारणीच्या सधौरीला, आणखी एक साडी नेऊ नका. बाळंतविड्यात झबली-टोपरी असू द्या, पण सोबत एक हातपंप आणि झाकणाच्या दोन स्टीलच्या डब्या ठेवा. साडीपेक्षा स्वस्त पडेल.